खालच्या ओळी

डलूथ, जॉर्जिया. मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेपाचला कुंदा मला डायलिसिसच्या दारात सोडते,
लोक झोपलेले, म्हणून हॉर्न न देता
नुसते दिवे लुकलुकवून निघून जाते.

सात नंबरची खुर्ची माझी. आठ मिसेस नो यांची.
आडनावच नो. पहिल्या दिवशी मला वाटलं,
बाई नाव सांगायलाच नकार देताहेत.
प्लेझंट हिल रोडवर त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं,
बोटं अजून पांघरुणाची शिवण तपासत असतात.

दोन सुया आत गेल्या की चार तास
रक्त बाहेर जाऊन येतं, फेरफटक्याला गेलेल्या म्हाताऱ्यासारखं,
आणि त्या टॅबलेट मधोमध लावतात, दोघांना दिसेल असा.
तोच कार्यक्रम. कोरियातले नट, गायिका, निवृत्त कुस्तीगीर
एका लांब सोफ्यावर दाटीवाटीने बसून
आपापल्या घरातलं सांगतात.
मध्येच पडद्यावर टपोरी गुलाबी अक्षरं उगवतात,
कोणाच्या कपाळाशी घामाचा थेंब, कोणाच्या छातीशी तडकलेलं बदाम.
कोणाला काय वाटतंय ते लिहूनच येतं.
गैरसमजाला जागा नाही.

मला मात्र खाली इंग्रजी ओळ येईल तेव्हा कळणार.
त्या आधी हसतात, मी मागून.
लॅटोया म्हणते, तुम्ही दोघं म्हणजे वीज आणि गडगडाट.

एका शनिवारी एक म्हातारा खलनायक आला.
नट झालोय हे घरी सांगितलंच नव्हतं म्हणे,
बँकेत आहे म्हणायचा, उसने काढून एक तारखेला पगार पाठवायचा.
वडील एकदा ती शाखा शोधत आले,
दिवसभर बाकावर बसले,
संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पुढे कधी विचारलं नाही.
सोफाभर रडारड. मिसेस नोसुद्धा.
दिवसाला चार कप पाण्याची मुभा असलेली माणसं आम्ही,
रडणं आम्हाला खरं तर परवडतं.
मी ओळ येईपर्यंत थांबलो.

मंगळवारी नेट गेलं.
टॅबलेटवर नुसतं ते गोल गोल चाक.
मिसेस नो माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "यू टॉक."

इंग्रजीत सुरुवात केली, जमेना.
मग मराठीतच म्हणालो:
अच्युत माझा पाठचा भाऊ. मिरजेला असतो.
सायकल एकच होती, तो पुढे दांडीवर बसायचा,
उतारावर घंटी त्यानेच वाजवायची, असा करार.
रिपोर्ट आले. सगळं जुळलं होतं.
तिकीट काढलं त्याचं, खिडकीजवळचं.
आणि रात्री फोन, "दादा, हिची झोप उडालीय रे."
एवढंच.
मी म्हटलं, बरं. जेवलास का?

कुंदाला सांगितलं, जुळलं नाही.
पाच वर्षं ती दर दिवाळीला त्याला पार्सल पाठवते,
वर चिठ्ठी: भावजी, तुम्ही तयार झालात हेच खूप.
मीच ते चिकटपट्टीने बंद करतो, असं,

आणि "असं" दाखवायला हात वाकवला,
तर मशीन कोकलायला लागलं.
लॅटोया धावत आली, नळी सरळ केली,
म्हणाली, हात हलवायचा नाही, किती वेळा सांगू.

मिसेस नो बघत राहिल्या.
गुलाबी अक्षर नाही, थेंब नाही.
खालची ओळ यायला लागतो तेवढा वेळ गेला,
मग थोडा आणखी.
मग त्यांनी आपल्या कपातले, मापातले,
बर्फाचे दोन खडे चमच्यात घेतले
आणि सुया नसलेला हात लांब करून
माझ्याकडे धरले.

सव्वादहाला कुंदा न्यायला आली.
"आज काय दाखवलं?"
म्हटलं, नेट नव्हतं.
ती आरसा नीट करत राहिली,
जरा जास्तच वेळ.